पिंग जातंय, उत्तर येत नाही : ऑफिस आणि वखारीचं नेटवर्क जोडताना घोळ

बेदाणा_भाचा (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी नेटवर्कवाला नाही, बी.कॉम. आहे. सांगलीत कुपवाड एमआयडीसीत मामांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे आणि "ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं" या एका वाक्यावर गेली चार वर्षं सगळं माझ्या गळ्यात आहे.

मांडणी अशी. ऑफिस एका प्लॉटवर, वखार दोन रस्ते सोडून पलीकडे. ऑफिसात फायबरचा राउटर, पत्ता १९२.१६८.१.१, आणि चार पीसी. वखारीत काट्याच्या खोलीतला पीसी (१९२.१६८.२.१०), खोल्यांचं तापमान नोंदवणारा लॉगर (१९२.१६८.२.२०) आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. वखारीत इंटरनेटसाठी सिमकार्डाचा जुना राउटर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.२.२५४.

आत्तापर्यंत काटापावत्या पेन ड्राइव्हवर घेऊन पोरगा सायकलवरून यायचा. हंगाम सुरू झालाय, गाड्या रात्री अकराला पण येतात, म्हणून गच्चीवर दोन रेडिओ लावून दोन्ही जागा जोडल्या. मध्ये एक छोटा राउटर आहे, त्याचा एक पाय ऑफिसात (१९२.१६८.१.२) आणि दुसरा रेडिओवरून वखारीत (१९२.१६८.२.१).

गंमत अशी की मधल्या राउटरच्या पानावरून दोन्हीकडं पिंग ("आहेस का?" अशी चाचणीची हाक) लागतं. ऑफिसच्या पीसीवरून वखारीतल्या पीसीला मात्र "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". वखारीतून ऑफिसला पण तेच. रेडिओ लावणारा म्हणतो, "माझी लिंक हिरवी आहे, पुढचं तुमचं." दोन दिवस वाया गेलेत आणि मामा रोज विचारतात, "चालू झालं का रं?"

---

भडंगप्रेमी
सोमवार, रात्री १०:०५

फायरवॉल बंद करून बघ.

---

कुपवाडकर
सोमवार, रात्री १०:११

दोन्हीकडं एकच नेटवर्क करून टाक की. सगळ्यांना १.समथिंग दे, विषय संपला. कशाला तो मधला राउटर?

---

वायरवाली
सोमवार, रात्री १०:४०

भडंगप्रेमी, पहिल्या प्रतिसादातच फायरवॉल बंद? ऑफिसात हिशेब आहे, पावत्या आहेत. थांबा जरा.

कुपवाडकर, एकच नेटवर्क करता येईल, पण मग वखारीतल्या सिमवाल्या राउटरचं डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते वाटणारी सोय) आणि ऑफिसच्या राउटरचं डीएचसीपी एकाच पाण्यात उतरतील. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता आणि त्याचा गेटवे (बाहेर जायचं दार) पीसी घेणार. निम्मं ऑफिस सिमकार्डाच्या डेटावर चालायला लागेल आणि कुणाला कळणारही नाही. वर कॅमेरे आहेत. वेगळं ठेवलंय ते बरंच आहे.

भाचेसाहेब, मांडणी नीट लिहिलीत, त्याबद्दल आभार. इथे दहातले नऊ जण "नेट चालत नाही, मदत करा" एवढंच लिहितात. आता तीन गोष्टी सांगा :

ऑफिसच्या पीसीवर गेटवे काय आहे? वखारीतल्या पीसीवर गेटवे काय आहे? आणि ऑफिसच्या पीसीवरून ट्रेसर्ट (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी कमांड) लावलं तर पहिली ओळ कोणाची येते?

कमांड देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. "आयपीकॉन्फिग /ऑल" आणि "ट्रेसर्ट -डी १९२.१६८.२.१०". "-डी" विसरू नका, नाहीतर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसेल आणि तुम्ही चहा पिऊन याल.

---

तिसरा_गेज
सोमवार, रात्री ११:०२

मी मिरजेचा, रेल्वेच्या टेलिकॉममधून निवृत्त. वायरवाली ताईंनी बरोबर नस धरली आहे. नवीन वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण हे पाठ केलं की निम्मे धागे निघायचेच नाहीत.

पीसीला रस्ते माहीत नसतात. त्याला एवढंच कळतं की समोरचा माझ्या गल्लीतला आहे की बाहेरचा. ते तो मास्कवरून ठरवतो. माझा पत्ता १९२.१६८.१.१५, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर गल्लीतला. गल्लीतला असेल तर तो एआरपीने हाक मारतो, "१.३० कोण आहे, तुझा मॅक (हार्डवेअरचा) पत्ता सांग." बाहेरचा असेल तर पाकीट (डेटाचा तुकडा) गुमान गेटवेच्या हातात देतो आणि हात झटकतो.

गेटवे म्हणजे आपलं मिरज जंक्शन समजा. पुण्याची वेगळी, कोल्हापूरची वेगळी, पंढरपूरकडची वेगळी, बेळगावकडची वेगळी. प्रवाशाला पुढचं माहीत असायची गरज नाही, जंक्शनवरच्या माणसाला पाहिजे. इथे प्रश्न असा, की फायबरच्या राउटरला वखार नावाची दिशाच माहीत नाही. त्याच्याकडे एकच पाटी आहे, "बाकी सगळं इंटरनेटकडे". तो १९२.१६८.२.१० चं पाकीट इंटरनेट कंपनीकडे पाठवतो. हे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, बाहेरच्या जगात त्यांना वाट नाही. तिकडे ते पाकीट टाकून देतात.

अवांतर : पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नाव पाणबुडीच्या सोनारवरून. आवाज सोडायचा आणि परत येतो का ऐकायचं. परत येतो का, हे महत्त्वाचं. लोक फक्त सोडण्याकडे बघतात.

---

बेदाणा_भाचा
मंगळवार, सकाळी ११:२०

ताई, काका, धन्यवाद. ऑफिसचा गेटवे १.१. वखारीतल्या पीसीचा गेटवे २.२५४, म्हणजे सिमवाला.

ट्रेसर्ट : पहिली ओळ १९२.१६८.१.१, दुसरी ओळ दहाने सुरू होणारा कुठलातरी पत्ता, मग नुसते तारे.

म्हणजे आमची काटापावती खरंच इंटरनेट कंपनीकडं चालली होती.

---

वायरवाली
मंगळवार, दुपारी १२:०५

हो, दोन ओळीत निकाल. आता फायबर राउटरच्या पानावर "स्टॅटिक रूट" (हाताने शिकवलेली वाट) शोधा. डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. मग आधी २.१ ला पिंग करा, मग २.१० ला. या क्रमानेच करा, एकदम शेवटच्याला हात घालू नका.

२.१ लागेल. २.१० बहुतेक लागणार नाही. का, ते तुम्हीच सांगा. :)

---

बेदाणा_भाचा
मंगळवार, दुपारी ४:४५

अगदी तसंच झालं. २.१ लागलं, २.१० नाही. ट्रेसर्टमध्ये १.१, मग १.२, मग तारे.

अंदाज सांगतो, चुकला तर हसू नका. पाकीट वखारीत पोचतंय. पण वखारीतला पीसी उत्तर देताना "१.१५ माझ्या गल्लीतला नाही" म्हणून ते २.२५४ ला, सिमवाल्याला देतोय. आणि तो ते हवेत सोडतोय.

---

तिसरा_गेज
मंगळवार, संध्या. ५:१०

शाब्बास. बी.कॉम. वगैरे आता सांगू नका.

---

सातारी_कंदी
मंगळवार, संध्या. ६:३०

धागा थोडा हायजॅक करतोय, माफी. साताऱ्यातून. आमचं दुकान साताऱ्यात आणि गोडाऊन वाईला. दोन्हीकडच्या राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटमधून दोन जागा जोडणारा बोगदा) लावलंय, बोगदा जोडलेला दाखवतो, पण पलीकडचं काहीच दिसत नाही. दोन्हीकडे १९२.१६८.१.० आहे. स्टॅटिक रूट टाकला तर राउटर घेतच नाही. हाच प्रकार का?

---

वायरवाली
मंगळवार, संध्या. ६:५५

नाही, तुमचा रोग वेगळा आणि उपायही सोपा, फक्त कंटाळवाणा. दोन्ही गावांत एकाच नावाची गल्ली आहे. साताऱ्याच्या पीसीला वाईचा १.५० "गल्लीतलाच" वाटतो, तो एआरपीच्या हाका मारत बसतो, राउटरपर्यंत पाकीट जातच नाही. वाईचं नेटवर्क बदला. आणि बदलताना ०, १ हे आकडे टाळा, बहुतेक राउटर कारखान्यातून तेच घेऊन येतात. १९२.१६८.३७.० असं काहीतरी आडवं घ्या, म्हणजे उद्या तिसरी जागा जोडली तरी धडकणार नाही.

---

सातारी_कंदी
मंगळवार, संध्या. ७:०१

प्रिंटर, कॅमेरे, बिलिंग मशीन, सगळ्यांचे पत्ते हाताने दिलेत. गेला माझा रविवार.

---

वायरवाली
मंगळवार, संध्या. ७:२०

भाचेसाहेब, परत तुमच्याकडे. वखारीतल्या पीसीचा गेटवे २.१ करू शकता. पण त्याला इंटरनेट सिमवरून लागतं ना? मग गेटवे राहू दे आणि फक्त ऑफिसची वाट वेगळी शिकवा. कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून :

रूट -पी ॲड १९२.१६८.१.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.२.१

"-पी" म्हणजे कायमस्वरूपी. ते विसरलात तर उद्या सकाळी वीज जाऊन आली की वाट पुसली जाणार आणि तुम्ही इथे नवीन धागा काढणार.

हे का चालतं : पीसीकडे आता दोन पाट्या आहेत. एक "बाकी सगळं २.२५४", दुसरी "१९२.१६८.१ चं असेल तर २.१". जी पाटी जास्त नेमकी ती जिंकते. "रूट प्रिंट" करून दोन्ही ओळी दिसतायत का बघा.

लॉगरमध्ये रूट टाकायची सोय नसणार. त्याचा गेटवेच २.१ करा.

---

जुगाडू
मंगळवार, रात्री ९:१५

एवढं कशाला? मधल्या राउटरवर वखारीच्या पायाला नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) लाव, मास्करेड. मग ऑफिसकडून येणारं सगळं वखारीला २.१ कडूनच आल्यासारखं दिसतं. २.१ गल्लीतलाच, म्हणजे उत्तर आपोआप बरोबर जागी. पीसीवर, लॉगरवर, डीव्हीआरवर कुठंच हात लावायचा नाही. मी दहा ठिकाणी असंच केलंय.

---

तिसरा_गेज
मंगळवार, रात्री ९:५०

चालतं, खोटं नाही. मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज होते. एका गेजवरून आलेला माल उतरवायचा आणि दुसऱ्या गेजच्या डब्यात भरायचा. माल पोचायचा, पण हमाली पडायची, आणि पोतं कुठल्या डब्यातून आलं होतं हे नंतर विचारायचं नाही. नॅट म्हणजे तीच हमाली. वखारीच्या पीसीवर उद्या कुणी फोल्डर उघडून पावती खोडली, तर नोंदीत सगळीकडे २.१ एवढंच दिसणार. आणि वखारीतून ऑफिसकडे स्वतःहून काही सुरू करायचं झालं तर या नॅटचा तसाही काही उपयोग नाही.

---

जुगाडू
मंगळवार, रात्री ९:५४

काका, उदाहरण झकास, पण हमाली आजकाल राउटरच करतो, फुकट.

---

बेदाणा_भाचा
बुधवार, दुपारी १:३०

मामांना विचारलं. मामा म्हणाले, "कुणी पावती उघडली ते कळायलाच पाहिजे." म्हणजे नॅट बाद. रूट टाकला, लॉगरचा गेटवे बदलला.

आताची परिस्थिती :
लॉगरला पिंग लागतं. पण ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडत नाही, नुसतं फिरत राहतं.
काट्याच्या पीसीला अजून पिंग लागतच नाही. टाइम्ड आउट.
आणि मामांच्या स्वतःच्या पीसीवरून तर काहीच लागत नाही, अगदी २.१ सुद्धा. तिथे मेसेज पण वेगळा येतो : "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२० : डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". १.२० हा मामांचाच पीसी.

एक दुखणं होतं, आता तीन झाली.

---

वायरवाली
बुधवार, दुपारी २:१०

तीन नाही झाली, तीन होतीच. पहिलं वरचं झाकण होतं.

मामांच्या पीसीपासून सुरू करू, कारण तिथला मेसेज बोलका आहे. "टाइम्ड आउट" म्हणजे पाकीट गेलं, उत्तर आलं नाही, कुठे हरवलं माहीत नाही. पण स्वतःच्याच पत्त्यावरून "अनरीचेबल" म्हणजे पाकीट घराबाहेर पडलंच नाही. पीसीने हाक मारली, कुणी ओ दिली नाही. वखारीच्या पत्त्यासाठी तो हाक का मारतोय? कारण त्याला वखार गल्लीतली वाटतेय. मास्क बघा. २५५.२५५.०.० असणार.

आता काट्याचा पीसी. विंडोजच्या फायरवॉलमध्ये प्रायव्हेट प्रोफाइलला पिंगचा जो नियम असतो, त्याची व्याप्ती मुळात "लोकल सबनेट" एवढीच असते. वखारीतल्या वखारीत पिंग लागणार, ऑफिसमधून आलेलं गाळून टाकणार. शेअर फोल्डरच्या नियमाचंही तेच. दोन्ही नियमांच्या "स्कोप" मध्ये १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे ऑफिसचं सगळं नेटवर्क) घाला. फक्त तेवढंच. भडंगप्रेमी, तुमचा निशाणा अर्धा बरोबर होता, मान्य. पण बंद करायची नाही, दार किलकिलं करायचं.

लॉगरचं पान, त्याकडे मग येते. मला एक शंका आहे.

---

भडंगप्रेमी
बुधवार, दुपारी २:१४

अर्धा तरी बरोबर! आज भडंगाला जादा शेंगदाणे.

---

बेदाणा_भाचा
बुधवार, रात्री ८:४०

मास्क २५५.२५५.०.० च निघाला!! ताई, तुम्ही न बघता कसं सांगितलं? मामांच्या ओळखीच्या एकानं गेल्या वर्षी कधीतरी "दोन्ही नेटवर्क दिसतील" म्हणून तसं करून ठेवलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या कारखान्यात असंच चालतं.

---

तिसरा_गेज
बुधवार, रात्री ९:०५

चालत असेलही. त्यांच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असणार. म्हणजे पीसीने गल्लीत हाक मारली की राउटरच दुसऱ्याच्या नावाने ओ देतो आणि पाकीट पुढे पोचवतो. चुकलेला मास्क त्यामुळे वर्षानुवर्षं झाकला जातो. राउटर बदलला की एक दिवस सगळं बंद, आणि शिव्या नव्या राउटरला.

---

बेदाणा_भाचा
गुरुवार, दुपारी १२:१५

मास्क दुरुस्त. फायरवॉलचे दोन्ही नियम दुरुस्त. आता चारही पीसींवरून काट्याच्या पीसीला पिंग लागतं. मी उठून टाळ्या वाजवल्या, मामांनी पेढे आणायला पोरगं पाठवलं. तेवढ्यात फोल्डर उघडायला गेलो.

उघडत नाही. फिरतंय, फिरतंय, दीडेक मिनिटानं एरर. पेढे आले, मी तोंड लपवून बसलो.

भावानं पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन" करून ४४५ पोर्ट (शेअर फोल्डरचं दार) तपासलं, ते म्हणतं उघडं आहे. पिंग लागतं, पोर्ट उघडं, फोल्डर बंद. लॉगरचं पण तेच, पिंग आहे, पान नाही. आणि उलटी गंमत : वखारीच्या पीसीवरून ऑफिसच्या पीसीला पिंगसुद्धा लागत नाही, तिथं फायरवॉलचा स्कोप दिला तरी.

पिंगचा निकाल चिकटवतोय : रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.२.१० : बाइट्स ३२, टाइम ३ एमएस, टीटीएल १२७.
ट्रेसर्ट : १ : १९२.१६८.१.१, २ : १९२.१६८.१.२, ३ : १९२.१६८.२.१०.

---

कुपवाडकर
गुरुवार, दुपारी १२:३०

एमटीयू (पाकिटाच्या आकाराची मर्यादा) असणार. रेडिओवर मोठी पाकिटं अडकतात. आमच्या शेजारच्या प्लॉटवर हेच झालं होतं. "पिंग -एफ -एल १४७२" मारून बघ. १४७२ आणि २८ हेडरचे, मिळून १५००. ते अडकलं आणि लहान आकडा गेला, तर एमटीयू.

---

बेदाणा_भाचा
गुरुवार, दुपारी १२:५०

१४७२ व्यवस्थित गेलं, चारही वेळा.

---

वायरवाली
गुरुवार, दुपारी १:४०

कुपवाडकर, तपासणी योग्यच होती, तो संशय मिटवायलाच हवा होता.

आता भाचेसाहेबांनी चिकटवलेल्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळं तिथेच आहे.

विंडोज पाकीट सोडताना टीटीएल १२८ लावतो. वाटेतला प्रत्येक राउटर एक वजा करतो. उत्तर १२७ ने आलं, म्हणजे परतीच्या वाटेवर एकच राउटर लागला. ट्रेसर्ट जातानाची वाट दाखवतं, आणि जाताना दोन राउटर आहेत, १.१ आणि १.२.

जाताना दोन, येताना एक. जाणारं पाकीट फायबर राउटरवरून वळसा घालून मधल्या राउटरकडे जातं. येणारं मधल्या राउटरवरून थेट पीसीकडे येतं, कारण मधल्या राउटरला तुमचा पीसी गल्लीतच दिसतो. त्याचं काही चुकलेलं नाही.

पिंगला याने फरक पडत नाही. टीसीपीला (फोल्डर, वेबपान ज्यावर चालतं त्या पद्धतीला) पडतो, कारण फायबर राउटर नुसता वाट दाखवत नाही, तो पहारेकरीही आहे. संभाषणाची सुरुवात, उत्तर, मग होकार, असं क्रमाने बघतो. त्याने तुमच्या पीसीचा पहिला "सिन" (सुरुवातीचं पाकीट) बघितला. वखारीचं उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरून गेलंच नाही, ते मागच्या दाराने आलं. मग तुमचा पीसी तिसरं पाकीट पाठवतो, "बरं, चालू करू". पहारेकरी म्हणतो, उत्तर आल्याचं मी पाहिलं नाही, हा होकार कुठला? टाकून देतो.

म्हणूनच पोर्ट उघडं दिसलं. तुमच्या पीसीला उत्तर मिळालं, त्याच्या दृष्टीने जोडणी झाली. वखारीतला पीसी मात्र अजून होकाराची वाट बघत तेच उत्तर पुन्हापुन्हा पाठवतोय. वखारीकडून पिंग का लागत नाही, तेही हेच. तिकडून येणारा प्रश्न मागच्या दाराने थेट पीसीकडे येतो, आणि पीसीचं उत्तर जातं १.१ कडे. प्रश्न न बघता उत्तर आलेलं पहारेकऱ्याला चालत नाही.

---

तिसरा_गेज
गुरुवार, दुपारी २:००

उभं राहून सलाम. टीटीएलचा हा उपयोग मी नोकरीत असताना फार उशिरा शिकलो.

एक पुस्ती जोडतो. काही राउटर अशा वेळी पीसीला "रिडायरेक्ट" पाठवतात, "अरे, वखारीसाठी माझ्याकडे नको येऊस, १.२ तुझ्या शेजारीच आहे." पीसीने ऐकलं तर थोडा वेळ सगळं चालतं, मग विसरला की बंद. "कधी चालतं, कधी नाही, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की बरं होतं" अशा तक्रारींत हे एक कारण असू शकतं.

---

जुगाडू
गुरुवार, दुपारी २:२०

माझं नॅट लावलं असतं तरी हे झालं असतं?

---

वायरवाली
गुरुवार, दुपारी २:२६

हो. तुमचं नॅट वखारीच्या बाजूला. वळसा ऑफिसच्या बाजूला आहे.

---

कुपवाडकर
गुरुवार, दुपारी २:५०

मग ऑफिसच्या सगळ्या पीसींचा गेटवे १.२ करून टाक. तोच वखारीला पण नेईल, इंटरनेटसाठी १.१ कडे पण देईल.

---

वायरवाली
गुरुवार, दुपारी ३:१५

भांडण एका दारातून दुसऱ्या दारात जाईल. पीसी इंटरनेटसाठी १.२ कडे देणार, तो १.१ कडे, पण इंटरनेटचं उत्तर १.१ थेट पीसीला देणार. आता मधला राउटर अर्धंच संभाषण बघणार. त्याच्यावर पहारा असेल तर इंटरनेट बंद पडेल.

भाचेसाहेब, आजच्या आज चालायला हवं असेल तर चार पीसींवर वाट थेट शिकवा :

रूट -पी ॲड १९२.१६८.२.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२

पाकीट १.१ कडे जाणारच नाही. जाण्यायेण्याची वाट एकच.

नीट करायचं तर एका सुट्टीच्या दिवशी फायबर राउटरला वेगळ्या छोट्या नेटवर्कवर टाका, त्या नेटवर्कवर मधल्या राउटरशिवाय कुणी नको. मधल्या राउटरचे मग तीन पाय : ऑफिस, वखार, फायबर. ऑफिसचा गेटवे तोच, वखारीची वाट तोच, बाहेरची वाटही तोच. कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये वाट एकच उरते.

---

बेदाणा_भाचा
गुरुवार, संध्या. ७:३०

चाललं!!! फोल्डर उघडला. आज दुपारच्या तीन गाड्यांच्या काटापावत्या ऑफिसात बसून काढल्या. लॉगरचं पान पण उघडलं, तीन नंबरच्या खोलीचं तापमान ४.२ अंश.

पेढे उरले होते, सगळ्यांच्या वतीनं मीच खाल्ले.

एक अडचण राहिली. मामांना तापमान ऑफिसच्या वायफायवरून मोबाइलवर बघायचंय. मोबाइलला रूट कसा शिकवू?

---

वायरवाली
गुरुवार, संध्या. ७:४५

नाही शिकवता येत, निदान सरळ मार्गाने. म्हणूनच "नीट करायचं तर" वालं काम. मामांना सुट्टी कधी?

---

बेदाणा_भाचा
गुरुवार, संध्या. ७:४८

पाडव्याला. पण तोपर्यंत मामा मला सोडणार नाहीत.

---

मारुतीचौक
शुक्रवार, सकाळी १०:२०

वाचनखूण साठवली. आमच्या दुकानात असंच काहीतरी आहे आणि आम्ही दोन वर्षं "सर्व्हर स्लो आहे" म्हणत बसलोय.

अवांतर : मधला राउटर लावताना उंचावर लावा. कुपवाडला पाणी येत नाही म्हणा, पण २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे स्विच, राउटर सगळं माळ्यावर गेलंय, हात पोचायला शिडी लागते. लाइट बघायला चढायचं आणि उतरेपर्यंत विसरायचं कुठला लाल होता.

---

सातारी_कंदी
सोमवार, सकाळी ९:१०

रविवार गेला. वाईचं नेटवर्क ३७ वर नेलं. अकरा वस्तूंचे पत्ते बदलले, बारावी होती बारकोडचा प्रिंटर, त्याला पत्ता बदलायचं बटण सापडेना, शेवटी कागदावर चाचणी छापून मेनू शोधला. आता साताऱ्यातून वाईचा साठा दिसतो. वायरवाली ताई, वाईला आलात तर ढोल्या गणपतीजवळ चहा माझ्याकडून.

---

बेदाणा_भाचा
गुढीपाडवा, रात्री १०:१५

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि दुपारी कामाला लागलो. फायबर राउटर आता १९२.१६८.१०.१, मधल्याचा तिसरा पाय १०.२. ऑफिसचा गेटवे १.१ तोच पत्ता ठेवला, पण तो आता मधल्या राउटरकडं आहे. त्यामुळं हाताने पत्ते दिलेल्या प्रिंटरला हात लावावा लागला नाही, ही माझी स्वतःची अक्कल. वखारीचं टोक जसंच्या तसं. फायबर राउटरवरचा जुना रूट काढला. चार पीसींवरचे "-पी" वाले रूट "रूट डिलीट" करून काढले. एकावर विसरलो होतो, तो अर्धा तास नसलेल्या १.२ ला शोधत बसला.

बाहेरच्या पायावर मधला राउटर नॅट करतो आणि फायबरवाला पण करतो, म्हणजे इंटरनेटसाठी डबल नॅट झालं. जुगाडूभाऊ, तुमची हमाली शेवटी आलीच.

पत्त्यांचा कागद राउटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. मामा खुर्चीत बसून मोबाइलवर तीन नंबरची खोली बघतायत. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करतात आणि मला मोठ्यानं आकडा सांगतात.

---

तिसरा_गेज
गुढीपाडवा, रात्री १०:३०

अभिनंदन, आणि नववर्षाच्या शुभेच्छा. टीटीएल किती येतोय?

---

बेदाणा_भाचा
गुढीपाडवा, रात्री १०:३४

तोच काका, १२७. पण ट्रेसर्टमध्ये आता दोनच ओळी.